सरळ ठेवलेली थप्पी

यंदाच्या उन्हाळ्यात मी एकच कादंबरी वाचली आणि तिनं माझं डोकं पार चक्रावून टाकलं.

पांढरकवड्याच्या शाळेला सुट्ट्या लागल्या की मी दिग्रसला अब्बांकडे येते. अब्बा पुस्तकं बांधतात. लायब्ररीची फाटकी पुस्तकं दर उन्हाळ्यात गठ्ठ्यागठ्ठ्यानं आमच्याकडे येतात. अब्बा ती उसवतात, पुन्हा शिवतात, पुठ्ठे चढवतात, आणि परत जायच्या आधी मी त्यातलं आवडेल ते वाचून घेते. फुकटचं वाचन, दुसरं काय! अब्बांना उर्दू येते, मराठी वाचता येत नाही. म्हणून मराठी पुस्तकाचे सोळा-सोळा पानांचे फर्मे क्रमानं लावून द्यायचं काम लहानपणापासून माझं. यंदाच्या पहिल्या गठ्ठ्यात उसवावी लागली ती ही कादंबरी तेवढी. बाकीच्यांना नुसते पुठ्ठे हवे होते.

कूलरसमोर पाय पसरून उघडली, तर पहिल्याच पानावर अर्धं वाक्य आणि एका माणसाची मयत. म्हटलं, सुरुवातीची पानं गेली असतील. लायब्ररीच्या पुस्तकाला ती कधी असतात? पुढे वाचलं, तर तोच मेलेला माणूस सासऱ्याशी भांडून राहिला. आणखी पुढे त्याचं लग्न! मधेच वाक्य तुटायचं, भलतंच सुरू व्हायचं. कडा कापताना पानांचे आकडे उडालेले, त्यामुळे तोही आधार नाही. काही समजेल तर शपथ. पण मी आपली मनाची समजूत घालत होते, आजकालचे लेखक असंच लिहितात बाप्पा, आपण पडलो तालुक्याच्या मास्तरणी. खरं सांगते, चार दिवस मी त्या लेखकाला फार मोठा मानत होते. भांडण आधी आणि लग्न नंतर, यात काहीतरी खोल अर्थ असणार म्हणून वहीत टिपणंसुद्धा काढली.

शेवटच्या फर्म्यात पुस्तकाचं नाव निघालं. पान उलटलं, तर 'प्रकरण पहिलं'.

आधी हसू आलं, मग एकेक फर्मा मागून पुढे वाचून पाहिला. अब्बांनी फर्मे उलटे शिवले होते. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. मग मला भलतंसलतं दिसायला लागलं. परवा त्यांनी चहात दोनदा साखर टाकली. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधला. तसा तो मीही शोधते, पण तेव्हा कुठं सुचतं! अब्बांची आठवण जाऊन राहिली का? विचारू कोणाला? विचारलं आणि 'हो' निघालं तर? भीती वाटत होती, आणि अशी भीती वाटते याची लाजही वाटत होती. महिनाभर मी त्यांच्याकडे चोरून पाहत राहिले.

शेवटी काल लायब्ररीत गेले. तिथल्या बाईंना म्हटलं, "ताई, अब्बांच्यानं आता होत नाही. उरलेली पुस्तकं नका पाठवू."

त्या हळहळल्या. "मंग यवतमाळले पाठवतो जी, उद्या सकाळच्या गाडीनं. तिथं मशिनीवर होते."

कादंबरी मी पिशवीतून काढलीच नाही. अब्बांची लाज राखली, असं वाटलं मला.

आज दुपारी अब्बांना रिकामं बसवेना, म्हणून त्यांनी माझं शाळेतलं एक फाटकं पुस्तक शिवायला घेतलं. मी फर्मे लावून थप्पी समोर ठेवली. त्यांनी हात लावला आणि थांबले.

"बेटा, उलटी ठेव ना. मराठी आहे."

तेव्हा आठवलं. अब्बांचा हात उर्दूचा. वरचा फर्मा उचलायचा, खाली ठेवायचा, त्यावर पुढचा रचत शिवत जायचं; उर्दू पुस्तक उलट्या बाजूनं उघडतं, म्हणून ते तसंच बनतं. म्हणून मराठीची थप्पी त्यांना उलटी द्यायची, शेवटचा फर्मा वर करून. हे लहानपणी मला झोपेतही ठाऊक होतं. यंदा आल्या दिवशी मोबाइल कानाला लावून मी कादंबरीची थप्पी सरळच ठेवली होती.

"मागच्या बारीबी तुनं सरळच ठेवलती," अब्बा म्हणाले.

"मंग तवा बोलले काहून नाही, अब्बा?"

"मले काय ठाऊक! तू मास्तरीण. मले वाटलं, आजकाल मराठी अशीच लावत असतीन." ते हसले आणि ओवायला सुई-दोरा माझ्या हातात दिला. "अन् लायब्ररीचा बाकीचा गठ्ठा कवा येते? मी खळ शिजवून ठेवली."

"येते, अब्बा," मी म्हटलं.

गठ्ठा सकाळीच यवतमाळच्या गाडीवर चढून गेला होता.