तपकिरी ठिपका

माझ्या आत्याने आयुष्यात एकही कालव खाल्लं नाही. पण कालवं वाढायच्या चिनी मातीच्या एकोणीस जुन्या बशा तिच्या भिंतीवर आहेत. प्रत्येकीत शिंपल्याच्या आकाराचे पाच-सहा खळगे.

"दिवसभर दात करायचे," ती म्हणायची, "मग घरी आल्यावर ही बोळकी बघून बरं वाटतं."

तीस वर्षं तिने डेंटल लॅबमध्ये खोटे दात घडवले. दात घडवायच्या त्याच मसाल्याने ती जुन्या वस्तूंच्या एका दुकानदाराच्या टवके उडालेल्या बशाही भरून द्यायची, इतक्या सफाईने की नखालाही सांधा लागू नये. पैसे घेत नसे. अधूनमधून तो एखादी अखंड बशी तिला भेट द्यायचा. तिची अट एकच होती. दुरुस्त केलेल्या बशीच्या पाठीवर ती एक तपकिरी ठिपका पक्का बसवायची. घेणाऱ्याला कळायला हवं ना!

दुकानदाराला ती दादा म्हणायची. तो आजारी पडला तेव्हा महिनाभर तिने त्याला डबा पोचवला होता.

मागच्या महिन्यात एक निवृत्त शिक्षिका दुरुस्तीसाठी बशी घेऊन आल्या. "त्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून अखंड म्हणून घेतली होती हो. धुताना कडच निघून आली."

आत्याने कड बोटांत फिरवली. काम तिचंच होतं. तिने बशी उलटली. ठिपक्याच्या जागी नुसती चकाकी.

ती तडक दुकानात गेली. मी सोबत होते.

"दादा, ठिपका कुठंय?"

"गेला असेल धुण्यात, ताई."

"धुण्यात जात नाही तो. घासावा लागतो. रबरी चाकीने."

चाकी गल्ल्याशेजारीच पडली होती. पितळेला चकाकी आणायला म्हणून आत्यानेच त्याला दिलेली. तिची नजर कुठे गेली ते त्याला कळलं. तो हसला.

"अगं, तुझ्या हाताचं कौतुकच आहे हे. ठिपका दिसला की गिऱ्हाईक नाक मुरडतं. तुला कधी फसवलं का मी? तुला दिलेल्या सगळ्या अखंड!"

आत्या तशीच माघारी फिरली. घरी येऊन तिने पडदे ओढले आणि लॅबचा जांभळा दिवा काढला. भरलेली जागा त्याच्या उजेडात वेगळी चमकते. दादाने भेट दिलेल्या बशा तिने कधी त्याखाली धरल्याच नव्हत्या.

निळी बशी तिने आधी उतरवली. आजारातून उठल्यावर त्याने स्वतः आणून दिलेली. तिसरा खळगा पिवळट उजळला. काम तिचं नव्हतं, पण वाईटही नव्हतं.

"माझ्याकडे आणली असती," ती हळूच म्हणाली, "तर मी नीट भरून दिली असती की गं."

तिने पाठीवर ठिपका बसवला आणि बशी पुन्हा भिंतीवर टांगली.

"आणि बाकीच्या?" मी विचारलं.

"आण एकेक," ती म्हणाली आणि ब्रश पुसून पुन्हा हातात घेतला.