बिनआवाजाचे बारा जोड

आमच्या मोचीकाकांचे जोडे करकर वाजायचे, आणि त्याचीच त्यांना ऐट. युद्धाच्या दुसऱ्या वर्षी एक कप्तान दुकानात आला.

"शत्रूच्या पाठीमागे घुसणारी बारा जणांची नवी तुकडी उभारतोय. परीक्षेत एक जरी जोडा वाजला, तर सेनापती ती मोडतील."

काकांनी तळव्यांना जाड लोकर शिवली. म्हणाले, "परीक्षा आमची ही घेईल. साखरेच्या डब्याला हात लावला, तरी अंगणातून ओरडते!"

काकू भिंतीकडे तोंड करून भाजी निवडत बसल्या. बाराही जण आत येऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

"अहो, येणार कधी तुमचे शूरवीर?" म्हणत काकू वळल्या आणि अशा किंचाळल्या, की कप्तानाची टोपीच पडली.

तुकडीचा तो पहिला विजय. तेरावा जोड काकांनी गुपचूप स्वतःसाठी शिवला, आणि घरातली साखर भराभर संपू लागली.