तारघरात शिरलेलं पाणी

तारघरात नोकरी केलेल्या माणसाकडे किस्से मागावे लागत नाहीत. मी तारबाबू, आणि शेख गुलाब आमचा लाइन जमादार, तारा-खांबांची दुरुस्ती पाहणारा. आम्ही दोघं अजूनही अमरावतीला भेटलो की एकाला किस्सा आठवतो, दुसराच तो सांगून टाकतो आणि पहिला चिडतो! कापसाला सोन्याचा भाव आला होता त्या वर्षांतल्या या गोष्टी. मुंबईचा भाव अकोल्याला आधी कळतो की अमरावतीला, यावर माणसं भांडत होती. आणि तो भाव ज्या तारेवरून यायचा, तिचा एकच वैरी होता. पाणी! त्याच्याशी आम्ही लढायचो आणि बोलणी खायचो आम्हीच.

*

आमच्या बॅटरीच्या बरण्या एका लाकडी कपाटात असायच्या. पावसाळ्यात त्या कपाटात दमट हवा कोंडायची, तारांच्या टोकांवर हिरवा गंज चढायचा. गुलाबभाईनं तोड काढली. कळीचा चुना मातीच्या बोळक्यात घालून आत ठेवला. कोरडा चुना ओल शोषून घेतो. आठ दिवसांत टोकं लख्ख!

मग तपासणीला आमचे इन्स्पेक्टर साहेब आले. कपाट उघडलं, चुना पाहिला, आणि माझ्याकडे वळले.

"तारघरात पान खातोस?"

"नाही साहेब. तो ओलीसाठी..."

"मग तंबाखू?"

मी जन्मात सुपारीचं खांड तोंडात घातलेलं नाही. तरी माझ्या नावावर लेखी ताकीद! बोळकं साहेबांनी स्वतःच्या हातानं बाहेर फेकलं. गुलाबभाई खाली वाकून चुना गोळा करत म्हणाला, "बाबू, आता तं तू पान सुरूच कर. शिक्षा तं झालीच हाये."

*

बाहेरच्या खांबावरून जाड तार घरात येते तिथं आम्ही तिला भिंतीतल्या भोकाच्या बाहेरच खाली झोळ देतो. पावसाचं पाणी तारेवरून घरंगळत येतं, झोळाच्या तळाशी थांबतं आणि जमिनीवर टपकतं. आत येत नाही. साधी गोष्ट.

इमारतीची रंगरंगोटी करायला एक ओव्हरसियर आला. मोठा नीटनेटका माणूस. त्याला तो झोळ खुपला. आम्ही जेवायला गेलो तेवढ्यात त्यानं तार ओढून सरळ केली. परत आलो तर म्हणतो, "किती गबाळं काम होतं तुमचं!"

संध्याकाळी पाऊस आला. पाणी तारेवरून सरळ आत आलं आणि टेबलावर त्याचीच वही उघडी पडली होती, तिच्यावर धार लागली. वही उचलून तो ओरडला, "छत गळतंय!"

"छत नाई गळत," गुलाबभाई म्हणाला. "तुमी पान्यासाठी सडक बांधली, मालक. एकदम सरळ!"

*

गंगाबाई आमच्याकडे झाडलोट करायची. दर सोमवारी जमीन शेणानं सारवायची, आणि दर सोमवारी आमची तार मंद पडायची. कारण सापडायला मला दोन महिने लागले. ओल्या जमिनीवर कपाटाचे पाय, त्या ओलीतून बॅटरीचा जोर जमिनीत जिरायचा.

मी तिला सांगितलं, "गंगाबाई, सोमवारी सारवू नका."

"काहून? तुमची बिजली शेनाले भेते का?"

मग मी कपाटाच्या चारी पायांखाली चिनी मातीच्या कोरड्या बशा ठेवल्या. जमीन ओली असली तरी पाय कोरडे. स्वतःवर खूश होऊन घरी गेलो. सकाळी येतो तर तार मेलेली! वाकून पाहतो तर चारी बशा काठोकाठ भरलेल्या.

"गंगाबाई, हे पाणी?"

"मंग? तुमी बशा ठेवल्या अन् पानी घालाले भुलले. मुंग्या चढतीन ना!"

तिच्यावर काय चिडणार? तिच्या घरच्या कपाटाला ती हेच करत होती. मी कशाला बशा ठेवल्या हे तिला सांगितलं कोणी होतं?

*

पण साहेबांवर मात्र आजही चीड येते. त्यांनी हुकूम काढला, तारांचे जोड ज्यांत असतात त्या पेट्या डांबर ओतून चहूकडून बंद करा, एक फट राहता कामा नये. गुलाबभाई म्हणाला, "सायेब, तळाशी एक बारीक भोक राहू द्या. आतल्या हवेले घाम येते. तो निघाले जागा पाह्यजे."

"पाणी बाहेर ठेवायच्या पेटीला भोक?" साहेब इतके हसले की डोळे पुसले.

महिन्याभरात डांबर फोडून पेटी उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला थेंबच थेंब, आणि सगळे जोड गंजलेले. साहेबांनी शेरा लिहिला: जमादाराने डांबर नीट ओतले नाही.

*

आमच्या भिंतीला लागून एका शेठचं कापसाचं गोदाम होतं. एका पावसाळ्यानंतर, चांगलं कडक ऊन पडलं असताना, आमची ती भिंत ओली व्हायला लागली. त्याच भिंतीवरून तार गेलेली. मुंबईचे निरोप तुटक यायला लागले. एक शब्द येई, दोन गळत.

शेठ तणतणत आला. "माझा भाव येऊन पडायला पाहिजे होता! झोपा काढता का तुम्ही?"

गुलाबभाईनं त्याचा हात धरून भिंतीला लावला. ओला झाला. मग त्याला घेऊन गोदामात गेला. तिथं दोन माणसं बादल्यांनी कापसावर पाणी मारत होती! वजन वाढावं म्हणून.

"शेठ," गुलाबभाई म्हणाला, "तुमचा भाव तं कवाच आला. तुमचाच कापूस तो पिऊन बसला."

*

आणि हा मूर्तिजापूरचा.

तिथल्या रेल्वे स्टेशनातल्या तारघरात मी थोडे दिवस बदलीवर होतो, गुलाबभाई लाइन पाहायला आलेला. सकाळपासून झड लागलेली. दुपारी रुळांवरचा मुकादम चिखलानं माखून धावत आला. अकोल्याकडच्या नाल्यानं रुळाखालची माती नेली होती, रूळ अधांतरी लटकत होते. आणि अकोल्याहून उतारूंची गाडी सुटायची वेळ झालेली!

मी तार ठोकायच्या किल्लीवर बसलो. अकोला उत्तर देईना. यंत्राचा काटा हलेना.

बाहेर भिंतीवर जोडाची पेटी होती. तिला साहेबांनी नवं कुलूप लावलेलं, चावी अमरावतीला त्यांच्या खिशात. पेटीच्या खालून पाणी टपकत होतं. गुलाबभाईनं मुकादमाच्या हातातली पहार घेतली आणि दोन घावांत कुलूप उडवलं.

आत जोड पाण्यात बुडालेला. तो पुसून बांधायला कोरडं काही नाही, वरून पन्हाळीची धार. गुलाबभाईनं स्टेशनच्या शेडमधून कापसाची एक कोरडी गठडी ओढून आणली, तारेचा जोर पायांतून ओल्या जमिनीत जिरू नये म्हणून तिच्यावर उभा राहिला. गठडीतलाच कापूस उपसून तारेची दोन्ही टोकं जुळवून त्यात धरली आणि छातीशी दाबली. स्टेशनमास्तर स्वतः त्याच्यावर छत्री धरून उभे राहिले.

"मार बाबू!"

मी मारायला लागलो. गाडी सोडू नका. रूळ वाहिला. गाडी सोडू नका.

"तू बोलून राह्यला ते माह्या बोटात येऊन राह्यलं!" तो बाहेरून ओरडला. "थांबू नको!"

चौथ्या खेपेला काटा हलला. अकोला बोललं. गाडीनं शिट्टी दिली होती, थांबवली. मी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा गुलाबभाईला टोकं सोडता येईनात, बोटं वळलेली. स्टेशनमास्तरांनी एकेक बोट उलगडलं.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. नाल्याकडे गेले नाहीत. सरळ पेटीपाशी. तुटलेलं कुलूप हातात घेऊन त्यांनी विचारलं, "सरकारी पेटी. माझं कुलूप. कोणाच्या हुकमानं उघडली?"

गुलाबभाईनं त्या कुलपाकडे पाहिलं. मग साहेबांकडे.

"सायेब, पानी तं कुलूप लावलेलं असतानाच आत गेलं. त्याले कोनाचा हुकूम होता?"