पिवळ्या कार्डाचा गहू

आमच्या घरात आजवर चार पिवळी कार्डं आली आणि त्यातल्या एकाही कार्डावर किलोभर गहू मिळाला नाही.

आता तुम्ही म्हणाल, काकी, हे कसं? तर सांगते. पण मधे बोलू नका. (मधे बोलायचं काम माझं असतं, आणि त्याचंच हे सगळं रामायण आहे.)

माझी नात जागृती फुटबॉल खेळते. म्हसावदच्या पोरीनं फुटबॉल खेळावा म्हणजे उसाच्या फडात द्राक्ष लागावं! पण लागलं खरं. शाळेच्या मैदानावरून नंदुरबार, तिथून क्रीडा वसतिगृह, आणि मागच्या वर्षी थेट देशातल्या मुलींच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये. तिकडे लांब दक्षिणेतल्या एका क्लबानं तिला घेतलं. तिचं काम मागे उभं राहायचं आणि समोरून येणारीला पुढे जाऊ द्यायचं नाही. हा गुण तिला माझ्याकडून आला, असं माझी सून शारदा म्हणते. चांगल्या अर्थानं म्हणत असावी.

मॅच संपली की जागृतीचा फोन माझ्याच मोबाइलवर यायचा. पहिल्या मॅचनंतर आवाज जरा पडलेला.

"आजी, आज मले पिवळं कार्ड भेटनं."

"काय सांगस! पिवळं?"

"हा. पह्यल्याच मॅचमा."

मी खाटेवरून उठूनच उभी राहिले. अहो, पिवळ्या रेशन कार्डासाठी जागृतीच्या आजोबांनी शहाद्याला हेलपाटे घालून चपला झिजवल्या. त्यांच्या सायकल दुरुस्तीच्या टपरीत एक पंखा होता, तोही बंद. पण साहेब म्हणाला, पंखा आहे म्हणजे तुम्ही सुखी. दिलं केशरी! ते गेले, पंखा गेला, केशरी कार्ड तेवढं राहिलं. आणि इथे या पोरीनं नुसतं खेळून पिवळं मिळवलं!

"शाब्बास मन्ही वाघीण! तुन्हा आजाले जलमभर नही भेटनं!"

"आजी, तू चिडनी नही?"

"चिडसू कसाले? आखो आन!" म्हणजे अजून आण. आणि फोन ठेवला. माझं बोलून झालं की मी फोन ठेवते, ही माझी पद्धत आहे. समोरच्याचं झालं की नाही, हे बघायची पद्धत आमच्यात नाही.

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन रेशन दुकानात. आमचे दुकानदार मूळचे राजस्थानी, पण तीन पिढ्या इथेच, अहिराणी आमच्यापेक्षा फर्डी. सगळे त्यांना शेठ म्हणतात.

"शेठ, आमन्हं पिवळं व्हयी गयं."

"वा काकी! दखाडा मंग कार्ड."

मी गप्प. (मी गप्प बसले, ही त्या वर्षातली मोठी घटना.) घरी येऊन जागृतीला फोन लावला. "कार्ड कोठे शे?"

"रेफरीकडे. त्यानी खिशामातून काढं, मन्हा तोंडसमोर धरं, नि परत खिशामा टाकी दिधं."

दाखवलं आणि परत खिशात! मी कपाळावर हात मारला. दक्षिणेत गेलं तरी साहेब ते साहेबच! दाखवतात, देत नाहीत.

"सोडू नको त्याले! मोहरे उभी ऱ्हाय आनि जाब इचार!"

"खरंच, आजी?"

"खरंच म्हंजे? घाबरस काय!" आणि ठेवला फोन.

पोर गुणी. आजीचा शब्द खाली पडू देत नाही. पुढे एका मॅचला रेफरीनं शिट्टी वाजवल्याबरोबर ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि जाब विचारला. दुसरं पिवळं कार्ड! नंतर एका पोरीला आडवी पाडून तिसरं. मी शेठला बातमी पोचवली.

"शेठ, तीन व्हयनात."

"एका घरमा तीन? काकी, हाऊ साहेब कोनता खाताना शे?"

"रेफरी खाताना!"

शेठनी पेन कानावर अडकवलं आणि म्हणाले, असं खातं नवीन निघालं असेल, वरून पत्र येऊ द्या. तोवर मी मनातल्या मनात कार्डांची वाटणी केलेली. एक आमचं, एक शारदाच्या माहेरी चिंचपाड्याला, एक माझ्या तळोद्याच्या बहिणीला. चौथं आलं तर बरं होईल, असं वाटतच होतं, तेवढ्यात फोन.

"आजी, आते दोनच मॅच ऱ्हायन्यात. आमन्ही टीम अगदी काठवर शे. नि मन्हा तीन कार्ड व्हयी गयात, आते चौथं भेटनं तर—"

"तर बेस व्हयी! चौथं जपी ठेवसू!"

"आजी, आयक तरी—"

"आयकस, आयकस! पोटभर जेव, दही खाय." आणि ठेवला.

ते वाक्य मी पुरं होऊ दिलं असतं तर! आजही भाकरी थापता थापता हात थांबतो. "तर"च्या पुढे तिला काय म्हणायचं होतं, ते मला साऱ्या गल्लीच्या समोर टीव्हीनं सांगितलं.

मधल्या मॅचनंतर तिचा फोनच आला नाही; दमली असेल, असं मी धरून चालले. शेवटची मॅच टीव्हीवर होती. नुसती बरोबरी झाली तरी जागृतीचा संघ वरच्या लीगमध्ये राहणार. हरला की खालच्या लीगमध्ये रवानगी. आम्ही टीव्ही अंगणात काढला, सतरंज्या अंथरल्या. शेठ दुकान बंद करून आले. नातीला पडद्यावर खेळताना मी पहिल्यांदाच बघणार होते, म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसले, निरांजन लावलं. पोरी मैदानात उतरल्या. जागृती कुठे दिसेना! तेवढ्यात टीव्हीतला माणूस हिंदीत म्हणाला, "चार पीले कार्ड के कारण जागृती आज..."

"चार!" मी ओरडले. "चौथं बी भेटनं!" आणि टाळ्या वाजवल्या. माझ्यामागे सगळ्या गल्लीनं वाजवल्या.

"...आज का मैच नहीं खेल पाएँगी."

टाळ्या एकेक करून थांबल्या. माझ्याच शेवटपर्यंत चालू होत्या. पडद्यावर जागृती दिसली. साध्या कपड्यांत, बाहेर खुर्चीवर, हनुवटी तळहातात.

शारदा हळूच म्हणाली, "आई, ते कार्ड शिक्षेचं असतं वाटतं."

शेठनी माझ्याकडे बघितलंच नाही. निरांजनाकडे बघत म्हणाले, "काकी, हाई रेशन उलटं शे. जितलं जास्त भेटस, तितलं बंद व्हस."

जागृती उभी राहायची त्याच बाजूनं समोरची पोर बॉल घेऊन निघाली आणि कोणी अडवायलाच नाही! एकच गोल झाला. एकच पुरला. संघ खालच्या लीगमध्ये गेला. पुढे क्लबाच्या मालकांनी मुलींचा संघच बंद केला, आणि जागृती बॅग घेऊन घरी आली.

मी तिची बॅग धरली आणि म्हटलं, "बेटा, मन्हामुळे व्हयनं."

"नही वं आजी. पाय मी घाला, तू थोडी घाला?"

रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती हसली. मग म्हणाली, "मले वाटे, आजीले मन्हा दणका आवडस." तेवढ्या एका वाक्यावर मी रात्रभर कूस बदलत होते. कारण आवडला असता हो! पण मी तो बघितलाच नाही. त्या मोठ्या मैदानावर माझ्या नातीला मी फक्त खुर्चीवर बसलेली पाहिली.

आता ती शाळेतल्या मुलींना शिकवते, आणि पुढच्या मोसमासाठी कुठल्यातरी क्लबाचा फोन येतो का, याची वाट बघते. मुलींना शिकवायचं म्हणून गळ्यात शिट्टी आणि खिशात खरीखुरी कार्डं असतात. काल एका क्लबाचा तसा फोन आलाही. ती दारात उभी राहून बोलत होती आणि मी आतून ओरडले, "त्यास्ले सांग, मन्ही नात..." तिनं मागे वळून न बघता खिशातून पिवळं कार्ड काढून वर धरलं. मी म्हटलं, "आयक तरी!" तिनं पुन्हा धरलं.

एकाच खेळात दोन पिवळी झाली की मैदानाबाहेर, असा नियम आहे म्हणे. म्हणून कालपासून तिचा फोन चालू असला की मी बाहेर ओट्यावर असते. आत्ताही चालू आहे. नाहीतर एवढं सगळं कागदावर लिहायला मला सवड कुठली मिळायला, तोंडानंच सांगितलं असतं!