वाचून घेतल्याशिवाय एंटर नाही

बिघडलेल्या कॉम्प्युटरसमोर शांत बसणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात एकच होता, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला होता. भाऊजींची तऱ्हाच निराळी. स्क्रू उघडण्याआधी चपला काढायचे, बिनसाखरेचा चहा मागवायचे, आणि कुठलीही कमांड आधी शाळेच्या वहीत लिहायचे. मशीनच्या मालकानं ती मोठ्यानं वाचायची, तेव्हा कुठे हे एंटर दाबणार! एका राइस मिलवाल्या शेठना त्यांनी पानभर वाचायला लावलं. शेठ वैतागले, "भाई, मैं चावल बेचता हूँ!" भाऊजी म्हणाले, "तो फिर धीरे पढ़ो."

माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्सही त्यांनीच बसवलेलं. त्यात मी नवेगाव बांधच्या बायांची रोवणीची, म्हणजे भातलावणीची, गाणी साठवली होती, निम्मी माझ्या आईच्या आवाजात. आई गेल्यावर तिचं बोलणं-गाणं तेवढंच उरलं होतं. डिस्क दोन, दोन्हींवर तेच. "मंग बॅकअप कायले पायजे?" असं भाऊजी तेव्हा छाती फुगवून म्हणाले होते. एका सकाळी पहिली डिस्क मेली आणि मशीन सुरूच होईना. दुसरीवर गाणी होती, पण मशीनला उठवणारा छोटा प्रोग्राम भाऊजींनी फक्त पहिलीवर टाकला होता. मी रडतच भाऊजींना बोलावून घेतलं.

"रडून कायले राहिली? गाणे आहेत ना," म्हणत त्यांनी मेलेली डिस्क काढली, गाण्यांची तिच्या जागी लावली, दुसऱ्या जागी एक कोरी जोडली आणि सीडीवरून मशीन उठवलं. मग गाण्यांच्या डिस्कवरच्या कप्प्यांची आखणी कोरीवर उतरवायची ओळ वहीत लिहिली. "वाच."

"दुसरीवरून पहिलीवर..." मी अडखळले. "भाऊजी, आता पहिल्या जागी तर गाण्यांचीच डिस्क आहे ना?"

सवयीनं ते तिला अजून दुसरीच धरून चालले होते. एंटर दाबलं असतं, तर कोऱ्या डिस्कची रिकामी आखणी आईच्या गाण्यांवर बसली असती. भाऊजींनी ओळ खोडली, घाम पुसला आणि टाळी वाजवून ओरडले, "पाहिली का माही पद्धत? मलेच पकडलं तिनं!" चूक यांची आणि मिरवणूकही यांचीच! पण त्या दिवशी मला ती मनापासून मान्य होती.

नवी ओळ मी दोनदा वाचली. प्रोग्राम गाण्यांच्या डिस्कवर बसला, आणि चार वाजता मशीन तिच्या एकटीच्या जोरावर सुरू झालं. कोरीवर नक्कल उतरत होती, तेवढ्यात मी एक गाणं लावलं. ते संपल्यावर आई कुणाला तरी म्हणाली, "जवाई आले वं, चाय मांड."

भाऊजी ताडकन उठून उभे राहिले. मग हळूच खुर्चीत बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "अजून एकदा लाव ना वं."