बाबांचा दोन दिवसांचा संप

एका बड्या कंपनीविरुद्धच्या लढ्यात मी फक्त एकच माणूस पाडला, आणि ते माझे वडील होते.

बाबा रेल्वेत सिग्नल खात्यात होते. निवृत्तीनंतर काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले आणि तात्यापारा वस्तीतल्या आमच्या घरी ते दिवसभर पंख्याची घरघर ऐकत बसू लागले. सोशल मीडियावर जुन्या रेल्वेवाल्यांचा एक ग्रुप होता, पण तिथल्या कंपनीचं स्वतःचं ॲप वाचून दाखवत नसे, म्हणून बाबांच्या काही कामाचं नव्हतं. मग मी बाहेरच्या कुणा भल्या माणसानं बनवलेलं एक ॲप त्यांच्या मोबाईलवर टाकलं. ते ग्रुपमधलं सगळं बाईच्या आवाजात वाचायचं आणि बाबा बोलतील ते लिहून टाकायचं. बाबा त्याला ‘बाई’च म्हणत. बाई चित्रंसुद्धा वाचायची. कुणी विनोद टाकला की अत्यंत गंभीरपणे म्हणायची, “हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा.” बाबा विनोदापेक्षा त्यालाच जास्त हसत!

तिथे सगळ्यांची टोपणनावं. बाबा ‘लाल दिवा’. डोंगरगडकडचे कुणी एक ‘जुना खटका’. त्यांचेही डोळे गेलेले, त्यांच्याकडेही तीच बाई. दोघांच्या रोज सकाळी तास-तास गप्पा. भेट कधी नाही, एकमेकांचं खरं नावही माहीत नाही.

आणि कंपनीनं जाहीर केलं : महिनाअखेरपासून बाहेरची सगळी ॲप बंद!

लोक भडकले. ग्रुपनं दोन दिवसांचा संप पुकारला. कुणी एक अक्षर लिहायचं नाही. ‘संप’ ऐकताच बाबा ताठ बसले. आधी माझ्या बायकोला, रेखाला, ग्रुपात घातलं (संख्या वाढवायला!). मग मला म्हणाले, “लिही! आम्ही आंधळे आहो, मुके नाही!”

“बाबा, संपात लिहायचं नाही म्हणतात.”

“मग माझं खातंच बंद कर दोन दिवस. त्याहिले दिसलं पाहिजे! बसून काहून राहिला?”

मी सरकारी कचेरीतला माणूस. फॉर्म भरण्यात आयुष्य गेलं. खातं बंद करायचे दोन पर्याय होते. मला जास्त जोरदार वाटला तो मी दाबला. मोबाईलनं तीनदा विचारलं, “नक्की का?” मी तिन्ही वेळा ठणकावून ‘हो’ म्हटलं. (क्रांतीत मागेपुढे बघायचं नसतं!)

संप संपला. कंपनी ढिम्म हलली नाही. लोक निमूट परत आले. मी बाबांचं खातं उघडायला गेलो, तर खातंच नाही. कायमचं पुसलेलं!

आता हे बाबांना कोण सांगणार?

“काय रे, उघडला का ग्रुप?”

“नाही बाबा. संप वाढला.”

“हव? टिकून राहिले लेकाचे!” बाबांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की खरं सांगणं मी उद्यावर ढकललं. दोन दिवसांचा संप मी एकट्यानं अठरा दिवस चालवला. रोज नव्या बातम्या रचायच्या. “आज मुंबईवाले सामील झाले, बाबा.” “आज कंपनी घाबरली.” बाबा रोज सकाळी दाढी करून निकालाची वाट बघत बसायचे.

महिना संपला. ॲप बंद पडलं, बाई कायमची गप्प झाली. बाबांनी तीन-चारदा मोबाईल दाबून पाहिला आणि हळूच म्हणाले, “हरलो वाटते.”

तेवढ्यात रेखानं कधी नव्हे तो ग्रुप उघडला आणि ती आपला मोबाईल घेऊन आली. “अहो, हे लोक बाबांना श्रद्धांजली काहून वाहून राहिले?”

झालं होतं ते असं. संपानंतर सगळे आले, लाल दिवा आला नाही. त्याचं नावही दिसेना. चार दिवस वाट पाहून लोकांनी अर्थ काढला. मग शोकसभा झाली, फुलं वाहिली गेली. आणि ॲप बंद झाल्याच्या रागात ग्रुप चालवणाऱ्यानं ग्रुपला कायमचं कुलूप लावलं. वाचता येत होतं, लिहिता येत नव्हतं! रेखानं ‘जुना खटका’ला वेगळा निरोप धाडला, “बाबा ठणठणीत आहेत.” तो आजवर कुणी उघडलेला नाही. उघडणार कोण? त्यांचीही बाई गेलेली.

मग मी बाबांना सगळं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

फक्त म्हणाले, “वाच.”

“काय?”

“श्रद्धांजली. मले ऐकू तर दे काय म्हणतात.”

मी वाचू लागलो. बाबा मान डोलावत होते. शेवटी ‘जुना खटका’ आला. त्यांनी लिहिलं होतं, “भाऊ नेहमी सांगत, माझा पोट्टा मोबाईलमधला लय हुशार आहे. तो आहे तोवर मले डोळ्यांची गरज नाही.”

मला पुढचं अक्षर दिसेना. बाबांनी चाचपडत माझा हात धरला.

“हे मीच म्हटलं होतं त्याले,” ते म्हणाले. “आता त्याचा पत्ता लागला ना, तर मी जिवंत आहो हे मागून सांगू. पहिले हे वाक्य खोडून घेऊ!”