हातात रोडगा आणि तोंडात जर्मनी

विश्वचषक आला की आमच्यात जो तो शहाणा होतो, पण देशांना तोलणारा मीच. बुलढाण्याला कोर्टात कारकुनी करतो. फुटबॉलला पाय लावला तो शाळेत, तोही हवा गेलेल्या. तरी पिंपळगाव राजातल्या आमच्या पाच-सहा दोस्तांत कोण कुठवर जाणार हे मी सांगायचं आणि बाकीच्यांनी माझी खेचायची, असं ठरूनच गेलेलं.

स्पर्धेच्या आधल्या रविवारी एकाच्या वावरात रोडगे होतात. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. तिथं आमचा एक रिवाज आहे. रोडगा हातात घ्यायचा, आपला देश बोलायचा, मगच तो फोडायचा. अन्न हातात असताना खोटं बोलत नाहीत, म्हणून एकदा बोललं की बोललं. आपला देश हरला म्हणून मधेच दुसऱ्याच्या वरातीत नाचायचं नाही.

माझा एक जिगरी आहे. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देतो. पहिलीपासून आम्ही एका बाकावरचे. तो बोलायला कंजूस, म्हणून दर वेळी रोडगा उचलून मीच सांगायचो, "आमची दोघाईची ब्राझील." तो मान हलवायचा. बाकी सगळे अर्जेंटिना नाहीतर फ्रान्सचे. ब्राझील हरली की माझी अशी टर उडायची की विचारू नका, आणि तेव्हा माझ्या बाजूला हा एकटा असायचा. जर्मनीनं आमच्यावर सात गोल घातले त्या पहाटे मी त्याच्या घरी ढसाढसा रडलो. त्यानं टीव्ही बंद केला, पाणी दिलं, घरापर्यंत सोडलं. सख्ख्या भावानं एवढं केलं नसतं.

तर त्या वर्षी स्पर्धा हिवाळ्यात आली. तुरीला फुलं आलेली, ऊन अंगाला बरं वाटत होतं आणि मी भलताच रंगात होतो. शंकरपटात शर्यतीच्या बैलजोड्या पारखतात तसा एकेक देश पारखत सुटलो. "फ्रान्सची जोडी दमदार, पण अर्धे लंगडून राह्यले. अर्जेंटिना एका म्हाताऱ्या बैलाच्या जिवावर किती पळन? यंदा पट मारते तं आपली ब्राझील."

"अन् जर्मनी?" कोणीतरी विचारलं.

"जर्मनी? थे तं जोडी सुटते त्या दानीवरच बसते बे! पयल्याच फेरीत घरी."

सगळे खिदळले. माझा दोस्त खाली बघून आरातले रोडगे उलटवत होता.

मग बोलायची वेळ आली. भाजी चाखताना माझी जीभ पोळली होती, म्हणून मी त्याला कोपरानं ढोसलं. "सांग बे, आपली."

त्यानं रोडगा उचलला. जरा वेळ हातात फिरवला आणि म्हणाला, "जर्मनी."

मला वाटलं, पठ्ठ्या आज मजाक करतोय. मी हसलोसुद्धा. "सरळ सांग ना बे!"

"सरळच सांगून राह्यलो. माही जर्मनीच हाय. शाळेपासून."

कोणी हसेना. माझं तर डोकंच फिरलं. "मंग इतके साल मुंडी काऊन हालवली?"

"तू कधी इचारलंच नाही. तूच सांगत होता दोघाईचं."

विचारलं नाही म्हणे! अरे, मी बायकोला तरी रोज विचारतो का, की बाई, तू माझीच ना? काही गोष्टी धरूनच चालतो माणूस. गावभर लोक मला हसत होते तेव्हा मी ताठ होतो तो याच्या भरवशावर. ब्राझीलनं दगा दिला तर सोसवतो, ती कुठं मला ओळखते? पण हा!

मी जेवण तसंच टाकून उठलो आणि वावराच्या कडेला धुऱ्यावर जाऊन बसलो. थोड्या वेळानं तो हात धुऊन आला आणि शेजारी टेकला. माझ्या मनात एकच गोष्ट टोचत होती, ती विचारल्याशिवाय राहवेना.

"सात गोल झाले त्या दिवशी मी तुह्यासमोर रडून राह्यलो होतो. तवा तू खुश होता का?"

तो म्हणाला, "लय."

आणि माझ्या खांद्यावर हात ठेवत म्हणाला, "पन तुह्यासमोर हासलो नाही."

मी तो हात झटकून टाकला. म्हणजे मला दारात सोडून मागे फिरला आणि वाटभर हसत गेला असेल. इतकी वर्षं माझ्यासाठी खोटी मान हलवली ना लेका, मग खुश होता का विचारल्यावर एवढं एक खोटं 'नाही बे' म्हणाला असतास तर तुझं काय गेलं असतं?